हळू धावा, कुणाला सांगू नका

'डॉक्टर, धावणं काही आपलं काम नाही.'

माझ्या पनवेलच्या दवाखान्यात हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता पेशंट 'डॉक्टर, धावणं...' म्हणाला की पुढचं मीच मनातल्या मनात पूर्ण करतो. वजन वाढलेलं असतं, साखर काठावर असते, रक्तदाब आज जरा जास्त आणि उद्या बराच जास्त या बेतात असतो. चालण्याचा सल्ला यांनी आधीच दहा जणांकडून ऐकलेला असतो. जिना चढायला लिफ्ट आणि कोपऱ्यावरून दूध आणायला स्कूटर असते. मी म्हणतो, 'रोज थोडं चाला आणि जमलं तर मध्ये मध्ये थोडं धावा.' त्यावर हे उत्तर येतं.

धावणं हे 'आपलं काम नाही' हे तुम्हाला कुणी सांगितलं? माझं भांडण तुमच्याशी नाही, सांगणाऱ्यांशी आहे. ते दोन प्रकारचे आहेत. पहिले भीती घालणारे. 'गुडघे झिजतील', 'हार्ट अटॅक येईल', 'या वयात हे काय!' दुसरे मिरवणारे. गळ्यात मेडल, मनगटावर घड्याळ आणि मोबाइलवर नकाशा. आज किती किलोमीटर, किती वेगात, किती कॅलरी, ते सगळं सकाळी सातच्या आत सोसायटीच्या ग्रुपवर. पहिल्यांना ऐकून तुम्ही घाबरता, दुसऱ्यांना पाहून तुम्ही खचता. परिणाम एकच, तुम्ही सोफ्यावर.

म्हणून आज दोघांचाही समाचार घेऊ.

गुडघ्यांची गोष्ट

गुडघ्याकडे लोक गाडीच्या टायरसारखं पाहतात. जितकं चालवाल तितकं झिजेल, तेव्हा जपून वापरा आणि शक्यतो गॅरेजमध्येच ठेवा. गुडघा टायर असता तर हे बरोबर होतं. पण टायर स्वतःची डागडुजी करत नाही, गुडघा करतो.

गुडघ्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या त्या गुळगुळीत गादीला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. मग तिला अन्न मिळतं कसं? सांध्यातल्या वंगणातून. पाऊल टेकलं की गादी दाबली जाते, उचललं की सुटते. स्पंज पिळावा आणि सोडावा तसं. या दाब-सोड, दाब-सोडमधूनच तिचं पोषण होतं. दिवसभर खुर्चीत बसलेला गुडघा जपलेला नसतो, उपाशी ठेवलेला असतो.

आता आकडे. २०१७ साली धावणं आणि सांध्यांची झीज या विषयावरचे बरेच अभ्यास एकत्र करून त्यांचा ताळेबंद मांडला गेला. हौसेने धावणाऱ्यांमध्ये गुडघा किंवा खुब्याची झीज आढळली ३.५ टक्के लोकांत. अजिबात न धावणाऱ्या, बैठ्या लोकांत १०.२ टक्के. आणि स्पर्धेसाठी, व्यावसायिक पातळीवर धावणाऱ्यांत १३.३ टक्के.

हे तीन आकडे पुन्हा वाचा, कारण माझा सगळा मुद्दा त्यांच्यात आहे. अति धावणारे आणि अजिबात न धावणारे शेजारी शेजारी बसले आहेत. मधला हौशी माणूस मात्र मजेत आहे. असे अभ्यास संबंध दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत, हे खरं. ज्यांचे गुडघे आधीच दुखतात ते धावायला जातच नाहीत, हेही खरं. पण 'धावलं की गुडघे जातातच' या ठाम विधानाला हे आकडे कुठेही आधार देत नाहीत.

गुडघ्याचा खरा शत्रू वेगळाच आहे. तो पोटावर बसलेला असतो. गुडघेदुखीच्या वजनदार रुग्णांच्या एका अभ्यासात दिसलं की अंगावरचं एक किलो वजन उतरलं तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. दिवसभरातली पावलं मोजा आणि गुणाकार तुम्हीच करा.

आता ज्यांचे गुडघे आधीच बरेच खराब झालेले आहेत, सुजतात, अडकतात, लचकतात, त्यांनी हा लेख वाचून उद्या पळत सुटू नये. त्यांना आधी तपासणी, मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, मग चालणं, पोहणं, सायकल. पण 'माझे गुडघे जातील' या भीतीने ज्यांनी धडधाकट गुडघे पेटीत ठेवले आहेत, त्यांनी ती पेटी उघडावी.

हृदयाची गोष्ट

दरवर्षी कुठल्या तरी मॅरेथॉनमध्ये कुणीतरी कोसळतो, ती बातमी सगळीकडे फिरते आणि पुढचे पंधरा दिवस मला पेशंट दाखवतात, 'बघा डॉक्टर, एवढा फिट माणूस!'

माणूस गेला हे दुःखदच. पण बातमी आणि धोका यांचं माप एक नसतं. अमेरिकेत २००० ते २०१० या काळातल्या मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉनचा हिशेब झाला. धावणारे होते सुमारे एक कोटी नऊ लाख. हृदय बंद पडलं ५९ जणांचं, त्यातले ४२ दगावले. म्हणजे साधारण एक लाख चौऱ्याऐंशी हजारांत एकाला हा झटका आला. आणि तोही अर्ध्यापेक्षा पूर्ण मॅरेथॉनमध्ये जास्त, बायकांपेक्षा पुरुषांत जास्त.

मग 'एवढा फिट माणूस' कसा जातो? त्याचं उत्तर जिम फिक्सच्या गोष्टीत आहे. १९७७ साली या अमेरिकन लेखकाचं धावण्यावरचं पुस्तक तुफान खपलं. तो सिगारेट सोडून, वजन उतरवून धावायला लागला होता. त्याने तिथल्या असंख्य लोकांना धावायची गोडी लावली. आणि १९८४ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, धावतानाच तो गेला. भीती घालणाऱ्यांना आयतं कोलीत मिळालं. पण गोष्टीचा उरलेला भाग ते सांगत नाहीत. त्याच्या वडिलांना पस्तिसाव्या वर्षी हार्ट अटॅक आला होता आणि त्रेचाळिसाव्या वर्षी ते गेले होते. शवविच्छेदनात फिक्सच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबलेल्या आढळल्या. धावण्याने त्या तुंबल्या नव्हत्या. धावतो म्हणजे आपल्याला काही होणार नाही, या समजुतीने मात्र त्या तुंबलेल्या राहून गेल्या.

म्हणजे धडा 'धावू नका' असा नाही. धडा असा आहे की धावणं ही तपासणीची पळवाट नाही. चाळिशी ओलांडली असेल, मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, तंबाखू-सिगारेट यांपैकी काही असेल, घरात कुणी कमी वयात हृदयविकाराने किंवा अचानक गेलं असेल, तर सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना भेटा. चालता-धावताना छातीत दडपण येणं, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ जाणं, अंधारी येणं, चक्कर येऊन पडणं, हे झालं तर थांबा. 'गॅस झाला असेल' म्हणून आणखी एक फेरी मारू नका.

मिरवणाऱ्यांची गोष्ट

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. हे लोक माझे मित्र आहेत, म्हणून जरा जास्त बोलतो.

धावणं म्हणजे मॅरेथॉन, असं समीकरण यांनी केलं आहे. मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली आणि तेव्हापासून जानेवारी जवळ आला की पनवेल-खारघरमध्येही पहाटे चमकदार बुटांची वर्दळ वाढते. त्यात वाईट काहीच नाही. पोट सुटलेल्या माणसांना पहाटे घराबाहेर काढायचं जे काम मला जमत नाही ते या स्पर्धांनी केलं आहे. माझी तक्रार पुढची आहे. पाच किलोमीटर धावणाऱ्याला विचारलं जातं, 'दहा कधी?' दहावाल्याला, 'हाफ कधी?' हाफवाल्याला, 'फुल कधी?' लग्न झालं की 'पाळणा कधी' विचारतात ना, तशातला प्रकार. माणूस जिथे आहे तिथे सुखी असू शकतो हे यांना पटतच नाही.

बरं, त्या पवित्र ४२.१९५ किलोमीटरचं मूळ काय? १८९६ सालच्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ही शर्यत साधारण चाळीस किलोमीटरची होती. १९०८ साली लंडनमध्ये ती विंडसरच्या राजवाड्यापासून निघाली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या बैठकीसमोर संपली. ते अंतर भरलं ४२.१९५. १९२१ साली तेच कायम झालं. म्हणजे तुमच्या शेजाऱ्याने ज्या आकड्यासाठी पायाची नखं काळीनिळी करून घेतली, तो आकडा ना वैद्यकशास्त्राने ठरवला ना निसर्गाने. तो एका राजवाड्याच्या अंगणाने आणि एका खुर्चीच्या जागेने ठरवला.

वैद्यकशास्त्राचा आकडा फार साधा आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पंचावन्न हजारांहून अधिक प्रौढांवर सरासरी पंधरा वर्षं लक्ष ठेवलं होतं. धावणाऱ्यांमध्ये एकूण मृत्यूंचं प्रमाण न धावणाऱ्यांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी आणि हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणाऱ्या मृत्यूंचं सुमारे ४५ टक्क्यांनी कमी होतं. खरी मौज पुढे आहे. आठवड्याला एकूण ५१ मिनिटांपेक्षा कमी धावणारे, आठवड्यातून एक-दोनदाच धावणारे, ताशी साडेनऊ किलोमीटरपेक्षाही हळू धावणारे, यांनाही जवळपास तितकाच फायदा दिसला. दिवसाला पाच-दहा मिनिटं!

जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून प्रौढांना सांगते की आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरदार हालचाल करा. पंचाहत्तर मिनिटं म्हणजे मालिकेचे तीन-चार भाग. पण 'मी आठवड्याला पंचाहत्तर मिनिटं हळूहळू धावतो' याचं मेडल मिळत नाही, त्याचा फोटो निघत नाही. म्हणून ते कुणी सांगत नाही. आणि कुणी सांगत नाही म्हणून तुम्हाला वाटतं, धावणं म्हणजे ते बेचाळीसवालं. ते आपलं काम नाही.

लाजाळू प्रेमाची बाजू

आता जरा विषयांतर वाटेल, पण नाही.

आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी कॉलेजात एक प्रेम केलं. ते प्रेम ज्यांच्यावर केलं त्यांनाही पुरतं कळलं नाही. मीही केलं. शरीरशास्त्राच्या विच्छेदन कक्षात तिचं टेबल आणि माझं टेबल यांच्यामध्ये दोन टेबलं होती. संध्याकाळी ती लायब्ररीत जायची तो रस्ता मैदानाच्या कडेने जात होता. म्हणून मी मैदानावर धावायला लागलो. आरोग्य वगैरे नंतर. ती दिसेल तेव्हा धापा टाकणारा, जीभ बाहेर काढलेला प्राणी दिसू नये, म्हणून वेग बेताचा. कुणी ओळखू नये म्हणून तो बेताचा वेग रोजचा. एकदा तिने थांबून विचारलं, 'तू रोज पळतोस?' मी म्हटलं, 'हो.' तीन वर्षांतलं आमचं सर्वांत मोठं संभाषण हे. पुढे ती तिच्या वाटेने गेली, मी माझ्या. दोघांचंही छान चाललं आहे. धावणं मात्र माझ्याकडे राहिलं.

हे सांगण्याचं कारण असं की त्या बुजऱ्या प्रेमाचे जे गुण होते, नेमके तेच चांगल्या व्यायामाचे गुण आहेत.

पहिला गुण, सातत्य. एकदाच मोठा पराक्रम करून दाखवणं त्यात नव्हतं, रोज ठरल्या वेळी तिथे असणं होतं. हृदय, स्नायू, हाडं यांना हीच भाषा कळते. दोन महिने काही नाही आणि रविवारी एकदम पंधरा किलोमीटर, हे शरीराला झेपत नाही.

दुसरा गुण, मंद गती. आम्ही डॉक्टर व्यायामाचा जोर मोजायला एक सोपी कसोटी वापरतो. धावताना शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येता कामा नये. बोलतानाही दम लागला तर वेग जास्त, गाता आलं तर कमी. यंत्र लागत नाही, घड्याळ लागत नाही. (आमच्या काळी उभं राहूनही बोलता येत नव्हतं, पण त्याचं कारण वेगळं.)

तिसरा गुण, फळाची घाई नाही. निकाल लागलाच पाहिजे अशी अटच नव्हती. सहा आठवड्यांत किती किलो उतरलं या हिशेबाने जो धावतो तो सातव्या आठवड्यात बंद करतो. धावण्यासाठी धावणारा वीस वर्षांनीही धावत असतो, आणि वजन, साखर, रक्तदाब तोवर गपचूप वळणावर आलेले असतात.

चौथा गुण, गुप्तता. कुणाला सांगायचंच नसेल तर कुणाशी तुलनाही होत नाही. दुखापती बऱ्याचदा तुलनेतून होतात. शेजाऱ्याचा वेग आपल्या पायांवर चढवला की पोटरी बोलते, टाच बोलते, नडगी बोलते.

हृदयाची धडधड दोन्हीकडे सारखी असते हे तर शास्त्रच सांगतं. १९७४ साली कॅनडातल्या एका झुलत्या पुलावर मानसशास्त्रज्ञांनी गमतीदार प्रयोग केला. हलणाऱ्या उंच पुलावर एका देखण्या तरुणीने पुरुषांना प्रश्न विचारले आणि 'काही शंका असल्यास फोन करा' म्हणून नंबर दिला. भक्कम, बुटक्या पुलावर भेटलेल्यांपेक्षा झुलत्या पुलावर भेटलेल्यांनी जास्त फोन केले. भीतीची धडधड त्यांनी प्रेमाच्या खात्यावर जमा केली असावी, असा अर्थ लावला गेला. शरीर घंटा वाजवतं, ती कशाची ते मन ठरवतं. म्हणूनच पहिल्या आठवड्यात धावताना होणाऱ्या धडधडीला 'मला काहीतरी होतंय' म्हणून घाबरू नका. वर सांगितलेली धोक्याची लक्षणं नसतील तर ती धडधड म्हणजे हृदय कामावर रुजू झाल्याची वर्दी आहे.

धावून झाल्यावर येणाऱ्या त्या हलक्या, निवांत आनंदालाही रसायन आहे. पूर्वी सगळं श्रेय एंडॉर्फिनला दिलं जायचं. पण रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहजासहजी शिरत नाही. आता शास्त्रज्ञांचं लक्ष दुसऱ्या एका रेणूकडे आहे. १९९२ साली तो सापडला तेव्हा संशोधकांनी त्याला संस्कृत 'आनंद' या शब्दावरून नाव दिलं, आनंदामाइड. आणि तो वाढतो कधी? प्रयोगात मध्यम वेगाने धावणाऱ्यांच्या रक्तात तो वाढलेला दिसला. फार रमतगमत चालणाऱ्यांत नाही आणि छाती फुटेस्तोवर पळणाऱ्यांतही नाही. आनंदाचासुद्धा वेग बेताचाच!

पण ही लाज वेगळी, ती लाज वेगळी

इथवर मी लाजेची तरफदारी केली. आता तिचा दुसरा चेहरा दाखवतो, कारण खरं भांडण इथे आहे.

माझी लाज माझी होती. मी ती हौसेने बाळगली होती. पण माझ्या दवाखान्यात बेचाळीस वर्षांची बाई येते, साखर वाढलेली, आणि म्हणते, 'धावायची इच्छा आहे हो, पण लोक बघतात.' ही लाज तिची नाही. ही लादलेली लाज आहे, आणि ती वैद्यकीय समस्या आहे. कारण तिच्यासाठी मी लिहून दिलेला सर्वांत स्वस्त आणि गुणकारी उपाय त्या नजरेपाशी अडतो. ओढणी कशी घेऊ, पँट घालू का, सासऱ्यांचे मित्र तिथेच बाकावर बसतात, टपरीवरची पोरं काहीतरी बोलतात. गोळीला हे प्रश्न पडत नाहीत, म्हणून ती गोळी निवडते.

बायकांना धावण्यापासून रोखायला इतिहासात माझ्या व्यवसायानेही हातभार लावला आहे. १९२८ सालच्या ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटर शर्यत झाली. शेवटी काही जणी दमलेल्या दिसल्या म्हणून ओरड झाली आणि ती शर्यत थेट १९६० पर्यंत बंद राहिली. दमलेले पुरुष मात्र शूर ठरत होते! लांब धावलं तर गर्भाशयाला इजा होईल असं शहाणीसुरती माणसं सांगत होती. १९६७ साली कॅथरीन स्विट्झर बॉस्टन मॅरेथॉनमध्ये नावाची फक्त आद्याक्षरं लावून उतरली, तर एक अधिकारी तिच्या अंगावरचा क्रमांक ओढून काढायला धावला. तिने शर्यत पूर्ण केली. गर्भाशय जागच्या जागी राहिलं. १९७२ पासून बॉस्टनने बायकांना रीतसर घेतलं आणि ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन यायला १९८४ उजाडलं.

इतकं दूर कशाला? सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं मोही गाव. तिथली ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत लागोपाठ तीनदा पहिली आली आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीत धावली. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक आणलं. आपण या दोघींचे सत्कार करतो, फ्लेक्स लावतो, हार घालतो. आणि आपल्याच गल्लीतली वहिनी बूट घालून निघाली की बाकावरून माना वळतात. पदक आणलं तर मुलगी महाराष्ट्राची, साखर कमी करायला निघाली तर 'हिला काय झालं?' हा दुटप्पीपणा मला सहन होत नाही.

हीच नजर वडाळे तळ्याकाठी बसलेल्या कॉलेजच्या जोडीवर असते. दोघांच्या मध्ये दोन सॅक आणि एक हात अंतर. बोलतायत की अभ्यास करतायत कुणास ठाऊक. पण येणारा-जाणारा घसा खाकरून जातो. त्यांनी जायचं कुठे? बुजरं प्रेम आणि बुजरं धावणं या दोघांनाही एकच गोष्ट लागते, अशी मोकळी जागा जिथे चारचौघांत असूनही कुणी रोखून पाहत नाही. ती जागा नसली की प्रेम अंधारात जातं आणि धावणं बंद पडतं. दोन्ही गोष्टी तब्येतीला वाईट.

म्हणून तीन मागण्या करतो. बाकावरच्या ज्येष्ठांनो आणि टपरीवरच्या तरुणांनो, तुमचे डोळे मोबाइलमध्ये असू द्या. एरवी असतातच. घरातल्या पुरुषांनो, तिला सकाळची चाळीस मिनिटं मोकळी द्या. 'जा, तब्येत सांभाळ' एवढं म्हणून भागत नाही. तेवढ्यात गॅसजवळ उभं राहून मुलांचा डबा तुम्ही भरायचा आहे. आणि महापालिकेने पदपथ पायांसाठी मोकळे ठेवावेत, दिवे लावावेत आणि बागांना कुलूप घालण्याआधी कामावरून उशिरा परतणाऱ्या बाईचा विचार करावा.

मग सुरुवात कशी करायची?

पहिले दोन आठवडे फक्त चाला, रोज अर्धा तास. तिसऱ्या आठवड्यापासून दोन मिनिटं चालणं, अर्धा मिनिट हळू धावणं, असं आलटून पालटून वीस मिनिटं. एक दिवसाआड. दर आठवड्याला धावणं किंचित वाढवा. दुखलं तर वाढवू नका, तिथेच थांबा. दोन-तीन महिन्यांत दहा मिनिटं सलग धावता येईल. आलं नाही तरी हरकत नाही, आलटून पालटून आयुष्यभर केलंत तरी चालेल.

रस्त्यावर धावणार असाल तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने, म्हणजे उजव्या कडेने धावा. कळंबोलीकडे जाणारे ट्रेलर तुम्हाला पाहतीलच या भरवशावर राहू नका. कानात गाणी नकोत. हवेत धूर किंवा रसायनांचा वास असेल त्या सकाळी घरातच जिना, दोरीवरच्या उड्या, सूर्यनमस्कार. एप्रिल-मेमध्ये ऊन चढायच्या आत परत या. आपल्याकडच्या दमट हवेत घाम सुकत नाही, अंग तापतं. तेव्हा वेग आणखी कमी. पावसाळ्यात शेवाळावर शौर्य दाखवू नका.

पाणी तहानेप्रमाणे प्या. 'भरपूर पाणी' हा सल्लाही बेतानेच घ्यायचा असतो. २००२ सालच्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ जणांपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी झालेलं आढळलं, आणि त्याचं मोठं कारण जास्त पाणी पिणं हे होतं. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डोस आणि खाण्याची वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवा आणि खिशात साखरेची पुडी ठेवा. ताप असेल तर सुट्टी. बूट मापाचे आणि आरामाचे हवेत. महागच हवेत असं नाही.

एवढं सगळं झालं की शेवटचा नियम. धावून आल्यावर ग्रुपवर टाकू नका. पहिले तीन महिने तरी नाही. आंघोळ करा, चहा घ्या, कामाला लागा. कुणी विचारलं, 'हल्ली काय, चेहरा उजळलाय!' तर गालातल्या गालात हसा आणि म्हणा, 'छे, कुठे काय!' विचारणाऱ्याला संशय येईल. येऊ द्या.